याईराची मुलगी उठली, मग बाकीच्यांचं काय? (बायबलविषयी काही प्रश्न)

दिवेलागण

नमस्कार. लिहू की नको करत बरेच दिवस गेले, आज लिहितोच.

मी ख्रिस्ती नाही. कॉलेजपासूनचा माझा जिवलग मित्र ख्रिस्ती आहे. दीड वर्षापूर्वी त्याची नऊ वर्षांची मुलगी गेली. सात महिन्यांचं आजारपण होतं आणि ते सातही महिने मी त्याला रोज प्रार्थना करताना पाहिलं. ती गेल्यावरही तो रोज प्रार्थना करतो. हे मला उमगत नाही आणि तोंडावर विचारायचा धीर होत नाही. म्हणून त्यानेच फार पूर्वी दिलेलं बायबल काढलं आणि पहिल्या पानापासून वाचायला घेतलं.

उत्पत्ती आणि निर्गम भराभर झालं. लेवीयमध्ये बलिदानं, कुष्ठ, शुद्ध-अशुद्ध यांत पार रुतलो. मग सरळ मार्कच्या शुभवर्तमानावर, म्हणजे येशूची गोष्ट सांगणाऱ्या पुस्तकावर, उडी मारली. पाचव्या अध्यायात याईर भेटला. सभास्थानाचा अधिकारी, मुलगी बारा वर्षांची. 'ती गेली, आता गुरूजींना कशाला त्रास देता,' असं लोक त्याला वाटेतच सांगतात. येशू तरी घरी जातो, तिचा हात धरतो, 'तलीथा कूम' म्हणतो, म्हणजे 'मुली, ऊठ', आणि ती उठून चालायला लागते. तिथे मी पुस्तक मिटलं. माझ्या मित्राने हे पान किती वेळा वाचलं असेल?

माझा खरा प्रश्न हाच. हे पान खरं मानणारा बाप आपल्या मुलीच्या कबरीपाशी उभा कसा राहतो?

वाचता वाचता वहीत बाकीचेही प्रश्न लिहीत गेलो, तेही इथेच मांडतो. बायबल एकच की पंथापंथाचं वेगळं? मूळ मजकूर पुढे बदलला गेला असं सगळीकडे ऐकू येतं, त्यात तथ्य किती? देव एकच म्हणायचं आणि पिता, पुत्र, पवित्र आत्मा असे तिघं सांगायचे, हे कसं? जुन्या करारातला कोपणारा देव आणि नव्या करारातला क्षमा करणारा देव एकच आहे का? आणि जे ख्रिस्ती नाहीत त्यांचं, म्हणजे माझं, काय होणार?

कुणाच्या श्रद्धेला धक्का लावायचा हेतू नाही. मला खरंच समजून घ्यायचंय.

गोगलगाय

पहिल्या पानापासून बायबल वाचणाऱ्यांचा लेवीयमध्ये मुक्काम ठरलेलाच. तिथून हलायचं धाडस केलंत, अभिनंदन! मथुशलहाला भेटलात ना? ९६९ वर्षं जगला. त्याच्याकडे लेवीय संपवायला वेळ होता.

मोहरीचा_दाणा

दिवेलागण, तुमच्या मित्रासाठी आणि त्याच्या पत्नीसाठी प्रार्थना करते आहे.

माझे वडील पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, होते. घरात नव्याने वाचणाऱ्या कुणालाही ते सांगत, हा एकच ग्रंथ समजू नका, ही पेटी आहे. हजारएक वर्षांच्या काळात वेगवेगळ्या माणसांनी लिहिलेला इतिहास, कायदा, कविता, पत्रं, शोकगीतं, सगळं एका बांधणीत. त्यामुळे कुठूनही उघडलं तरी चालतं. तुम्ही नकळत योग्य जागी उडी मारलीत. मार्क हे चारांतलं सगळ्यात छोटं शुभवर्तमान, १६ अध्यायांचं. त्यानंतर लूक वाचा, मग प्रेषितांची कृत्ये. स्तोत्रसंहिता मात्र रोज थोडी थोडी. आम्हा प्रोटेस्टंटांच्या बायबलमध्ये ६६ पुस्तकं असतात, जुन्या करारात ३९ आणि नव्यात २७.

तुमच्या मोठ्या प्रश्नावर आज घाईने काही लिहिणार नाही. तो घाईत हाताळायचा प्रश्न नाही.

शिंपला

आम्हा कॅथलिकांकडे ७३. नव्या करारातली २७ सगळ्यांची सारखीच, फरक जुन्या करारात. तोबीत, युदीथ, ज्ञानग्रंथ, बेनसिरा, बारूख आणि मक्काबींची दोन पुस्तकं अशी सात आमच्याकडे जास्त, शिवाय दानीएल आणि एस्तेर यांत काही भाग अधिक. ही पुस्तकं जुन्या ग्रीक भाषांतरात होती आणि सुरुवातीची मंडळी, म्हणजे चर्च, बहुतेक ग्रीकच वाचत होती. पुढे ज्यूंनी हिब्रू यादीत ती धरली नाहीत. प्रोटेस्टंट चळवळ सुरू करणाऱ्या लूथरने ती दोन करारांच्या मध्ये वेगळी छापली, वाचायला चांगली पण शास्त्राच्या बरोबरीची नाहीत, असं म्हणून. १५४६ साली ट्रेंटच्या परिषदेत आमच्या मंडळीने ती शास्त्रातलीच आहेत असं ठामपणे सांगितलं. इथिओपियाच्या ऑर्थोडॉक्स मंडळीची यादी तर ८१ पर्यंत जाते.

मोहरीताई, तुमच्या पेटीत सात दागिने कमी आहेत एवढंच म्हणतो. :)

मोहरीचा_दाणा

शिंपलाकाका, येशूने ज्या शास्त्रातून उतारे दिले ते आमच्या पेटीत सगळं आहे. :) पण मक्काबी मी वाचलंय आणि आवडलंय, हे कबूल करते.

पांथस्थ

मजकूर बदलला का, यावर थोडं सविस्तर लिहितो, कारण यात दोन्ही बाजूंनी बरंच काही ठोकून दिलं जातं.

सगळ्यात लोकप्रिय समज असा की इ. स. ३२५ मध्ये निकियाच्या परिषदेत सम्राट कॉन्स्टंटाइनने कुठली पुस्तकं ठेवायची ते ठरवलं. त्या परिषदेचा विषय वेगळाच होता. आरियस नावाचा धर्मगुरू शिकवत होता की पुत्र हा पित्याने निर्माण केलेला आहे, त्याच्या बरोबरीचा नाही. वाद त्यावर झाला. पुस्तकांची यादी तिथे ठरली नाही. नव्या करारातली नेमकी आजचीच २७ पुस्तकं देणारी सगळ्यात जुनी यादी सापडते ती अथानासियस या बिशपच्या इ. स. ३६७ च्या पत्रात. त्याच्या आधी मंडळ्यांमध्ये पुस्तकं फिरत होती, वाचली जात होती. काहींवर, उदाहरणार्थ प्रकटीकरण किंवा पेत्राचं दुसरं पत्र, बराच काळ मतभेद होते.

आता मजकूर. १९४७ पासून मृत समुद्राजवळ कुमरानच्या गुहांत गुंडाळ्या सापडू लागल्या. त्यात यशयाची पूर्ण गुंडाळी आहे, सात मीटरहून लांब, इ. स. पूर्व दुसऱ्या शतकाच्या आसपासची. तोपर्यंत हातात असलेली पूर्ण हिब्रू हस्तलिखितं दहाव्या-अकराव्या शतकातली होती. म्हणजे एका झटक्यात हजार वर्षं मागे जाऊन पडताळता आलं. बहुतेक फरक शुद्धलेखनाचे निघाले. काही ओळींत अर्थाचे फरकही आहेत, पण पुस्तक तेच.

नव्या करारातला सगळ्यात जुना समजला जाणारा तुकडा तळहातावर मावेल एवढा आहे. पपायरसच्या कागदावर दोन्ही बाजूंनी योहानाच्या १८ व्या अध्यायातल्या काही तुटक्या ओळी, जिथे रोमन सुभेदार पिलात येशूची उलटतपासणी घेतो. तो दुसऱ्या शतकातला मानतात आणि मँचेस्टरच्या ग्रंथालयात आहे. मी त्याचं छायाचित्र कितीदा तरी पाहिलं आहे. मागच्या बाजूला, जिथे 'सत्य म्हणजे काय?' हा पिलाताचा प्रश्न यायला हवा, तिथे कागद फाटून गेला आहे आणि दोन-तीन अक्षरांवर काम भागवावं लागतं.

तर्ककर्कश

पांथस्थ, नेहमीप्रमाणे नीट लिहिलंत. पण अर्धी बाजू राहिली. ग्रीक हस्तलिखितं पाच हजारांहून अधिक आहेत आणि त्यांच्यात फरकही भरपूर आहेत. मार्कच्या शेवटच्या अध्यायातल्या ९ ते २० या ओव्या सगळ्यात जुन्या दोन मोठ्या हस्तलिखितांत नाहीत. व्यभिचारात धरलेल्या स्त्रीची गोष्ट, 'ज्याने पाप केलं नाही त्याने पहिला दगड मारावा' ही, सगळ्यांना पाठ असते. तीही योहानाच्या जुन्या प्रतींत नाही. हे आधुनिक बायबलांत कंसात किंवा तळटीपेत सांगितलेलं असतं, पण उपदेशात कुणी सांगत नाही.

मी नास्तिक आहे. हे खोडी काढायला लिहीत नाही. धागाकर्त्याने प्रामाणिक प्रश्न विचारलाय, उत्तरही पूर्ण मिळायला हवं.

पांथस्थ

शंभर टक्के मान्य. भर एवढीच घालतो की हे फरक आपल्याला कळतात ते प्रती इतक्या असल्यामुळेच. एकच प्रत असती तर फरकच दिसला नसता.

आणि मार्कचा तो जुना शेवट वाचा एकदा. स्त्रिया कबरीपाशी येतात, कबर रिकामी, आणि त्या थरथरत पळून जातात. 'त्या कुणाला काही बोलल्या नाहीत, कारण त्यांना भीती वाटली.' संपलं. मला तो शेवट अस्सल वाटतो. रचून लिहिणाऱ्याने असा अर्धवट सोडला नसता.

हिमकण

थोडं अवांतर विचारू का? पूर्वेकडचे तीन राजे, २५ डिसेंबर, एदेनमधलं सफरचंद, हे सगळं कुठे आहे? मला सापडत नाही.

गोगलगाय

सापडणार नाही, कारण तिथे नाहीच! मत्तयात 'मागी' म्हणजे ज्योतिषी-ज्ञानी लोक येतात. किती ते सांगितलेलं नाही. भेटवस्तू तीन, सोनं, ऊद आणि गंधरस, म्हणून माणसंही तीन करून टाकली. राजेही नव्हते. आणि ते गोठ्यात येत नाहीत, 'घरात' येतात. गोठ्याकडे जाणारे मेंढपाळ लूकमध्ये आहेत. नाताळच्या देखाव्यात दोन शुभवर्तमानांची माणसं एकत्र उभी असतात.

सफरचंदाचं म्हणाल तर उत्पत्तीत नुसतं 'फळ' आहे. लॅटिनमध्ये 'वाईट' आणि 'सफरचंद' हे शब्द जवळजवळ सारखे, तिथून ते झाडावर चढलं असावं. बिचारं सफरचंद!

पांथस्थ

२५ डिसेंबरचा उल्लेख रोममधल्या चौथ्या शतकातल्या नोंदीत मिळतो. बायबलमध्ये तारीख नाही. वर्षाचीही गंमत आहे. इसवी सन मोजायची पद्धत इ. स. ५२५ च्या सुमारास दियोनिसियस नावाच्या मठवासीयाने घातली. पण मत्तय म्हणतो येशू हेरोद राजाच्या हयातीत जन्मला, आणि हेरोद बहुतेक अभ्यासकांच्या मते इ. स. पूर्व ४ मध्ये वारला. म्हणजे येशूचा जन्म इसवी सनाच्या चारेक वर्षं तरी आधीचा.

कृष्णकमळ

भाषेचा विषय निघालाच आहे तर माझे दोन पैसे.

'ख्रिस्त' हे येशूचं आडनाव नाही, पदवी आहे. हिब्रूत 'मशीहा', ग्रीकमध्ये 'ख्रिस्तोस', अर्थ 'अभिषिक्त'. स्वतः येशू बोलत होता अरामी. मार्कने ग्रीकमध्ये लिहिताना मधूनच त्याचे मूळ शब्द तसेच ठेवलेत. 'तलीथा कूम' त्यातलाच. दुसरा वधस्तंभावरचा, 'एलोई, एलोई, लमा सबख्थनी', माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास? ज्यांनी ऐकलं त्यांच्या कानात तो आवाज जसाच्या तसा राहिला असणार, म्हणून भाषांतर करणाऱ्यालाही तो बदलवला नाही, असं मला वाटतं.

आणि मराठीत वाचताय म्हणून सांगते. नवा करार मराठीत १८११ सालीच सेरामपूरला छापला गेला होता. पण पंडिता रमाबाईंना ती मिशनरी मराठी सामान्य बायकांना कळणारी वाटेना. त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून घेतलं आणि अख्खं बायबल मुळावरून मराठीत आणलं. आयुष्याची शेवटची वर्षं त्यातच गेली. १९२२ मध्ये त्या वारल्या, पुस्तक १९२४ मध्ये आलं. ज्या बाईला संस्कृत पंडितांनी 'सरस्वती' म्हटलं, तिने हौसेने सोपं मराठी निवडलं. त्यापुढे मी नतमस्तक आहे.

दिवेलागण

इतकं सविस्तर लिहिताय सगळे, मनापासून आभार. आडनावाचं मला खरंच माहीत नव्हतं. त्रैक्याबद्दल, म्हणजे एकाच देवात तिघं कसे याबद्दल, कुणी सांगेल का? मित्राने एकदा पाणी, बर्फ आणि वाफेचं उदाहरण दिलं होतं, ते मला पटलं होतं.

शिंपला

पटलं तरी ते सोडून द्या. मंडळीने तिसऱ्या शतकातच नाकारलेलं मत नेमकं तेच आहे. एकच देव कधी पिता होतो, कधी पुत्र, कधी आत्मा, असं साबेलियस शिकवत होता. पण येशू बाप्तिस्मा घेऊन पाण्यातून वर येतो तेव्हा पित्याची वाणी होते आणि आत्मा कबुतरासारखा उतरतो. तिन्ही एकाच वेळी. पाणी एकाच वेळी बर्फ आणि वाफ होत बसत नाही.

'त्रैक्य' हा शब्द बायबलमध्ये नाही, हे खरं. पहिल्या शिष्यांची अडचण समजून घ्या. ते कट्टर एकेश्वरवादी ज्यू होते, 'आपला देव परमेश्वर एकच' हे रोज म्हणणारे. आणि त्यांना येशूपुढे गुडघे टेकावेसे वाटले. ही अडचण तत्त्वज्ञांच्या टेबलावर जन्मली नाही, प्रार्थनेत जन्मली. शब्द नंतर शोधावे लागले. ३२५ मध्ये निकियाला आणि ३८१ मध्ये कॉन्स्टँटिनोपलला ते ठरले, तत्त्व एक आणि व्यक्ती तीन. 'पुत्र' म्हणजे देवाला बायको होती आणि मूल झालं, असा अर्थ कुठल्याही मंडळीने कधीच घेतलेला नाही.

ऑगस्टीनने यावर पंधरा खंड लिहिले. मी तर एवढंच म्हणेन की देव प्रेम आहे असं योहान लिहितो, आणि प्रेमाला एकट्याने राहता येत नाही.

तर्ककर्कश

वाक्य सुंदर आहे, पण त्याने तीनच का ते कळत नाही. असो. माझा आक्षेप दुसरीकडे आहे. जुन्या करारातल्या यहोशवाच्या पुस्तकात यरीहो शहर पडल्यावर स्त्री-पुरुष, म्हातारे, मुलं, सगळ्यांची कत्तल होते आणि ती देवाच्या आज्ञेने. याचं काय?

मोहरीचा_दाणा

तर्ककर्कश, या प्रश्नावर मी कधीही सोपं उत्तर देणार नाही. काही अभ्यासक म्हणतात की ही त्या काळची युद्धवर्णनाची फुगवलेली भाषा आहे, कारण पुढच्याच पुस्तकात तेच लोक तिथे नांदताना दिसतात. त्याने माझं थोडं समाधान होतं, पूर्ण नाही. रविवारच्या शाळेत मुलं यरीहोचं गाणं म्हणतात तेव्हा मला घशात काहीतरी अडकल्यासारखं होतं.

पण जुना करार म्हणजे कोप आणि नवा करार म्हणजे प्रेम, ही वाटणी मला चुकीची वाटते. दुसऱ्या शतकात मार्सियनने हेच म्हणून जुना करार टाकून द्यायला सांगितलं होतं, मंडळीने त्यालाच बाहेर काढलं. योनाचं पुस्तक वाचा, चारच अध्याय. शत्रूचं शहर नाश पावत नाही म्हणून संदेष्टा रुसून बसतो आणि देव त्याला म्हणतो, उजवा-डावा हात न कळणारे एक लाख वीस हजारांहून जास्त लोक आहेत तिथे, आणि पुष्कळ गुरंढोरंही, मला कळवळा येऊ नये का? गुरंढोरंसुद्धा! हा जुन्या करारातला देव. उलट नरकाबद्दल सगळ्यात कडक शब्द येशूच्या तोंडी आहेत.

हिमकण

आणि ख्रिस्ती नसलेल्यांचं?

शिंपला

आमच्या मंडळीने दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत, १९६४-६५ च्या दस्तऐवजांत, स्पष्ट म्हटलं आहे की ज्यांना स्वतःच्या दोषाशिवाय ख्रिस्ताची ओळख झाली नाही, पण जे मनापासून देवाला शोधतात आणि सदसद्विवेकाप्रमाणे वागतात, त्यांनाही तारण मिळू शकतं. इतर धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे ते मंडळी नाकारत नाही, असंही.

मोहरीचा_दाणा

आमच्याकडे यावर एकमत नाही. 'माझ्याद्वारे आल्यावाचून पित्याकडे कोणी येत नाही' हे वचन मी बाजूला सारू शकत नाही. पण दार कोण आहे हे माहीत असणं आणि दारातून कोण आत जाईल याची यादी माझ्याकडे असणं, या दोन गोष्टी वेगळ्या. दिवेलागण, मित्राच्या मुलीसाठी जो माणूस शास्त्र वाचतो, त्याच्याबद्दल निकाल द्यायची माझी प्राज्ञा नाही.

ओंजळ

इतके दिवस नुसती वाचत होते. आता लिहिते.

माझी आई कर्करोगाने गेली तेव्हा मी एकवीस वर्षांची होते. आम्ही ख्रिस्ती. घरी एक उपदेशक यायचे, हात ठेवून प्रार्थना करायचे. शेवटच्या महिन्यात त्यांनी मला स्वयंपाकघरात बाजूला घेऊन सांगितलं की घरात कुणाचा तरी विश्वास कमी पडतोय, म्हणून बरं वाटत नाही. मी आईच्या उशाशी बसून माझ्या मनात शंका कुठे आहे ते शोधत होते. तिचा हात धरायचा सोडून. ते दिवस मला परत मिळणार नाहीत.

त्यानंतर मी अकरा वर्षं चर्चची पायरी चढले नाही. म्हणून विनंती करते, तुमच्या मित्राला कुणी असलं काही सांगितलं असेल तर ते बायबलमध्ये नाही हे त्याला नक्की कळू द्या.

मोहरीचा_दाणा

ओंजळ, तुमच्या पाठीवरून हात फिरवावासा वाटतोय.

आता मोठ्या प्रश्नावर लिहिते. येशू आणि शिष्य वाटेत एका जन्मांधाला बघतात. शिष्य विचारतात, हा आंधळा जन्मला ते कुणाच्या पापामुळे, याच्या की आईबापाच्या? प्रश्न आपल्या ओळखीचा आहे, नाही का? येशू म्हणतो, याच्याही नाही आणि आईबापाच्याही नाही. लूकच्या १३ व्या अध्यायात शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसं मेल्याची गोष्ट निघते. तिथेही तो विचारतो, ती माणसं यरुशलेमेतल्या बाकीच्यांपेक्षा जास्त अपराधी होती असं वाटतं का तुम्हाला? स्वतःच उत्तर देतो, नाही.

आणि विश्वास कमी पडला म्हणावं तर गेथशेमाने बागेत खुद्द येशूने 'हा प्याला माझ्यापासून दूर कर' अशी प्रार्थना केली. प्याला दूर झाला नाही. प्रेषित पौलाने शरीरातला काटा काढून टाक म्हणून तीनदा विनवलं. काटा राहिला. यांचाही विश्वास कमी होता का?

तर्ककर्कश

हे सगळं 'कारण काय नाही' ते सांगतं. कारण काय आहे ते सांगत नाही. याईराची उठली आणि हिची नाही, यातला फरक कुणी सांगू शकत नाही.

मोहरीचा_दाणा

बरोबर. मीही सांगू शकत नाही. याईराची मुलगीदेखील पुढे कधीतरी म्हातारी होऊन मेलीच असेल. आम्ही त्या गोष्टीकडे शेवटाची झलक म्हणून बघतो, ती सगळ्यांनाच आत्ता मिळेल असं वचन म्हणून नाही. पण हे मी तुमच्या मित्राला त्याच्या घरी जाऊन सांगणार नाही. जुन्या करारात मुलंबाळं, सगळं गमावलेला ईयोब आहे. त्याचे मित्र पहिले सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले. तोवर ठीक होतं. नंतर ते तोंड उघडून कारणं सांगायला लागले, आणि शेवटी देव त्यांच्यावरच रागावला, ईयोबावर नाही. ईयोब तर पानंच्या पानं देवाशी भांडला होता.

एक लहान गोष्ट सांगते, कदाचित अवांतर असेल. मुलगी उठल्यावर सगळे थक्क होऊन बघत राहतात, आणि येशू म्हणतो, तिला काहीतरी खायला द्या. मला त्या अध्यायात सगळ्यात जास्त ते वाक्य आवडतं.

कृष्णकमळ

देवाशी भांडणं आपल्याला परकं कुठे आहे? तुकोबा विठोबाशी काय कमी भांडले? रेव्हरंड टिळक म्हणत, तुकोबांच्या पुलावरूनच मी ख्रिस्ताकडे आलो. १५० स्तोत्रांत विलापाची इतकी आहेत की 'स्तोत्र' म्हणजे नुसती स्तुती हा आपला समज पहिल्या वीसेक स्तोत्रांतच मोडतो. 'हे परमेश्वरा, किती वेळ? तू मला सर्वकाळ विसरणार काय?' हे तेरावं.

ओंजळ

ते तेरावं मी काल रात्री वाचलं. अकरा वर्षांनी. एवढंच सांगायला आले होते.

गोगलगाय

ओंजळताई, आज मस्करी नाही. तुम्ही लिहिलंत म्हणून हा धागा मी आईला वाचून दाखवला.

दिवेलागण

मधे आठ-दहा दिवस आलो नाही. मित्राकडे जाऊन आलो.

हा धागा मनात होता म्हणून या खेपेला विचारलं. याईराचं पान तू वाचतोस का? तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, नाही. चौथ्या अध्यायावरून सरळ सहाव्यावर जातो. चर्चमध्ये तो उतारा आला तेव्हा उठून बाहेर व्हरांड्यात उभा राहिला होता. विश्वास कमी असल्याचं त्यालाही कुणीतरी सांगून गेलं होतं. ओंजळ, तुमचा निरोप मी पोचवला. तुमचं नाव-गाव सांगितलं नाही, फक्त स्वयंपाकघरातली गोष्ट सांगितली. तो म्हणाला, त्या ताईंना माझा नमस्कार सांग.

मग त्याने त्याचं बायबल आणलं. पानं इतकी पातळ की मागची अक्षरं पुढे दिसतात. स्तोत्र ८८ उघडलं. कडेला पेन्सिलीने तारखा लिहिलेल्या, एकाखाली एक, बारीक अक्षरात. सतराएक असतील. पहिली तारीख माझ्या लक्षात होती, तिच्या मातीनंतरचा दुसरा दिवस. म्हणाला, ज्या रात्री दुसरं काही म्हणता येत नाही त्या रात्री हे म्हणतो, आणि तारीख टाकतो.

त्याने ते मला वाचून दाखवलं. 'मी रात्रंदिवस तुझ्यापुढे आक्रोश करतो' इथपासून. मी वाट बघत होतो की शेवटी कुठेतरी आशेचा शब्द येईल. आला नाही. मित्र सोडून गेले, सोबती गेले, आणि शेवटचा शब्द अंधार. मी विचारलं, पुढे? तो म्हणाला, पुढे काही नाही, संपलं. हेही शास्त्रात आहे, कुणी काढून टाकलं नाही, म्हणून मला प्रार्थना करता येते.

मग पुस्तक मिटलं आणि मला विचारलं, जेवून आलायस का? मी नाही म्हटलं. त्याने दोन ताटं घेतली.

पांथस्थ

हिब्रूतही त्या स्तोत्राचा शेवटचा शब्द 'अंधार' हाच आहे. भाषांतरकारांनी तो शेवटीच ठेवला हे बरं केलं.

तर्ककर्कश

दिवेलागण, तुमच्या मित्राला माझाही नमस्कार.

मोहरीचा_दाणा

पुढचं, ८९ वं, लगेच वाचू नका. ते 'मी परमेश्वराच्या दयेची गीते गाईन' असं सुरू होतं. दोन-चार दिवस जाऊ द्यात.

दिवेलागण

बरं. तोवर लूक सुरू करतो.